आपण मत न देता खासदार कसा होतो?

प्रश्न : १३ मे २०२४ ला आम्ही रांगेत उभं राहून मत दिलं आणि मुरलीधर मोहोळ खासदार झाले. पण आमच्या कोथरूडच्या माजी आमदार मेधा कुलकर्णी याही खासदार आहेत. त्यांच्यासाठी मतदान कधी झालं? पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असतं तर मला मत देता आलं असतं का? आणि वाचनालयासाठी निधी मागायचा तर दोघांपैकी कोणाकडे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी पदवीधरचं सांगते, कारण नागरिकशास्त्र शिकवत होते तेव्हा पालकसुद्धा हेच विचारायचे. पुणे पदवीधर मतदारसंघातून निवडला जातो तो विधान परिषदेचा आमदार. राज्यसभेशी त्या यादीचा संबंध नाही.

मोहोळ लोकसभेत आहेत. तिथल्या ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्राच्या, आणि त्या थेट आपल्या मतावर भरतात. कुलकर्णी राज्यसभेत आहेत. तिथे महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि त्यांचे मतदार म्हणजे विधानसभेचे निवडून आलेले आमदार. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा जागांसाठी सहाच उमेदवार उरले आणि सगळे बिनविरोध आले. म्हणजे त्या वेळी आमदारांनीही मत दिलं नाही!

मतदान होतं तेव्हा कसं होतं, हे जून २०२२ मध्ये दिसलं. जागा सहा, उमेदवार सात. आमदार जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात आणि पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात. ती दाखवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आला, एक मत बाद झालं आणि वैध मतं उरली २८४. प्रत्येक मताचं मूल्य १००. २८,४०० ला सातने (जागा सहा अधिक एक) भागून एक मिळवला की कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारं मूल्य, येतो ४०५८. भाजपच्या पीयूष गोयल यांना ४८ मतं, म्हणजे ४८०० मूल्य मिळालं. वरचं ७४२ वाया जात नाही, त्याच मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातं. भाजपच्याच अनिल बोंडे यांचंही तसंच. म्हणून पहिल्या पसंतीची २७ मतं मिळालेले त्याच पक्षाचे धनंजय महाडिक ३३ मतं मिळवणाऱ्या शिवसेनेच्या संजय पवारांना मागे टाकून सहाव्या जागेवर आले. निकाल लागेपर्यंत पहाट झाली होती.

त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशातले इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून निवडून आले. २००३ पर्यंत उमेदवार त्या राज्यातला मतदार असावा लागे, ती अट काढली गेली. मला हा बदल आजही पटत नाही. राज्याच्या नावाने बसणाऱ्याला तिथला उसाचा भाव आणि पाण्याची भांडणं माहीत असायला हवीत.

‘तिथे काय, नुसती चर्चा’ असं मात्र म्हणू नका. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, राज्यसभेला १४ दिवसांत परत करावं लागतं आणि तिच्या सूचना मानणं लोकसभेवर बंधनकारक नसतं, हे खरं. पण घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी वेगवेगळी मंजूर केल्याशिवाय होत नाही, तिथे संयुक्त बैठकीचीही सोय नाही. म्हणून विधानसभेला मत देताना माझा आग्रह असतो : रस्ते, पाणी विचाराच, पण हा आमदार दिल्लीत कोणाला पाठवेल, तेही विचारा.

आता निधी. दोघांनाही वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. लोकसभेचा खासदार आपल्या मतदारसंघात सुचवतो, राज्यसभेचा राज्यात कुठेही. तुमचं वाचनालय दोन्हींत बसतं, दोघांनाही अर्ज द्या. जागेची कागदपत्रं आणि खर्चाचा अंदाज सोबत जोडा.