ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेलाच लेदर का झिजतं? काय करावं?

चढता-उतरता आपण त्याच कडेवरून घासत जातो म्हणून. जीन्सच्या मागच्या खिशाची बटणं तर कानसच! आधी टेकून बसा, मग पाय आत घ्या. निम्मा त्रास तिथेच वाचतो.

खोबरेल तेल किंवा बुटाचं पॉलिश चोळू नका (आमच्याकडे हा प्रयोग झालाय, पांढऱ्या शर्टाला विचारा). गाडीतल्या बहुतेक लेदरवर रंगाचा आणि पारदर्शक थर असतो, तेल वरच राहून धूळ धरतं. महिन्यातून एकदा सौम्य लेदर क्लीनर, मऊ ओलसर फडकं, मग कोरडं पुसणं. उन्हात काचेला सनशेड लावाच. भेगा पडल्याच असतील तर कंडिशनरने बुजत नाहीत. फिलर भरून रंगवूनच घ्यावं लागतं.