कोल्हापूर, सांगली की इचलकरंजी? बेल्ट-बेअरिंगच्या दुकानापुरतं उत्तर

बेल्ट-बेअरिंगचं दुकान या तिघांपैकी कुठं काढावं, सगळी तासाभरात तर आहेत, असं तुम्ही विचारलंय. याच घोळात मीही होतो, म्हणून लिहितोय. भाडं, जीएसटी तुम्ही बघितलंच असेल.

खरा फरक गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो याचा. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग आहे, पण कितीतरी कारखानदार दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणतात. कापडबाजार थंडावला की त्यांची मजुरी लांबते आणि तुमची उधारीही. माग मात्र बंद ठेवून चालत नाही, म्हणून बेअरिंग आत्ताच्या आत्ता पाहिजे! खप रोजचा, वसुली चिवट. सांगली हळद-बेदाण्याच्या सौद्यांवर चालते. हंगामात हळद पॉलिश करणारे रोख मोजतात, पावसाळ्यात दुकानात माशा मारा. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने. भाव घासून घेतात, पण ऑर्डर कागदावर असते. हे माझ्या धंद्यापुरतं बोलतोय, दुसऱ्याचा अनुभव वेगळा असेल.

मला महागात पडलं ते एक सरकारी कार्यालय. नाव घेत नाही. सांगलीत गोडाऊनची जागा बघितली होती, ती निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुरासाठी सरकारनं आखलेल्या हद्दीत, येते का एवढंच लेखी पाहिजे होतं. एक म्हणाले गट नंबर आणा. आणला, तर दुसरे म्हणाले नकाशा आमच्याकडं नसतो. तिसऱ्यांनी 'अहो, तिथं कुठलं पाणी येतंय' म्हणून वाटेला लावलं. लेखी उत्तर आलंच नाही आणि इकडं मालकाला विसार देऊन बसलेलो. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. खोकी भिजली, बेअरिंगनं गंज धरला, माल भंगारात. पंचनाम्याला आलेले साहेब वर मलाच विचारतात, पूरपट्ट्यात गोडाऊन घेतलंच कसं!

असो. भांडवल बेताचं असेल तर माझं मत कोल्हापूर. वर्षभर उधारी सोसायची ताकद असेल तरच इचलकरंजी. सांगलीत दुकान नको, नुसता हंगामापुरता माणूस फिरवा.

शिरोलीत गोडाऊन बघत असाल तर २०१९ आणि २०२१ ला तिथं महामार्गावरच पाणी होतं. माल कोरडा राहिला तरी गाडी निघणार नाही, तेव्हा जुलैच्या आधीच नेहमीच्या गिऱ्हाइकांकडं थोडा साठा टाकून ठेवा. आणि खालच्या रॅकवर बेल्ट, बेअरिंग वर.