दह्याच्या टाकीला स्प्रे बॉल पुरत नाही का?

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमची लहान डेअरी आहे. दही लावायची 5,000 लिटरची उभी टाकी, व्यास 1.8 मीटर, मधोमध अ‍ॅजिटेटर (ढवळणी). रोज सीआयपी (टाकी न उघडता आतल्या आत पाणी-केमिकल फिरवून धुणं) करूनही ढवळणीच्या शाफ्टच्या (दांड्याच्या) पलीकडच्या बाजूला आणि मॅनहोलच्या गळ्यात मेणचट थर राहतो. शेवटी माणूस आत उतरवून ब्रश मारावा लागतो. सप्लायर म्हणतात, स्प्रे बॉल (टाकीत पाणी मारणारा भोकांचा गोळा) काढा, रोटरी जेट हेड (फिरत जोरदार धार मारणारं) बसवा. किंमत कितीतरी पट आहे. घ्यावं का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. आधी बॉलपर्यंत पाणी किती पोचतंय ते मोजा.

स्प्रे बॉल घासत नाही, हे नीट लक्षात घ्या. तो वरच्या भागावर पाणी मारतो आणि पुढचं काम भिंतीवरून ओघळणारं पाणी करतं. हा ओघळ भरघोस हवा. उभ्या टाकीला परिघाच्या दर मीटरमागे मिनिटाला साधारण 30 लिटर, असा हिशेब मी डेअरीच्या मेंटेनन्समध्ये 31 वर्षं वापरला. तुमचा परिघ 5.65 मीटर. म्हणजे मिनिटाला 170 लिटर, तासाला 10,000 च्या आसपास. पंपाच्या नेमप्लेटवर हा आकडा असेलही, पण लाइन मध्येच एक इंची झाली असेल तर बॉलला तो मिळणार नाही. या फ्लोला दोन इंची लाइन लागते.

मोजायला फ्लोमीटर नको. सीआयपीच्या टाकीत साधं पाणी भरा, टाकीतून परत येणारं पाणी (रिटर्न) गटारीला सोडा, पंप चालवा आणि मिनिटाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं बघा. ती टाकी 1 मीटर व्यासाची असेल तर जवळजवळ 22 सेंटीमीटर उतरायला हवी.

कमी भरलं तर बॉल काढून टेबलावर उलटा आपटा. एकदा आमच्या दुधाला दोन आठवडे आंबूस वास येत होता. सगळे केमिकलच्या मागे लागले होते. मी बॉल उघडला तर निम्मी भोकं बंद! आत टेफ्लॉन टेपचे धागे आणि गॅस्केटचे काळे तुकडे, दगडासारख्या पांढऱ्या साक्यात रुतून बसलेले. नखानं निघेनात. तो साका कॉस्टिक सोड्यानं जात नाही, त्याला नायट्रिकसारखं अ‍ॅसिड लागतं. त्या दिवसापासून बॉलच्या अलीकडे स्ट्रेनर (गाळणी) नसलेली लाइन मी पास केली नाही.

फ्लो पुरेसा असूनही शाफ्टमागे थर राहिला, तर ती सावली आहे. एका बाजूच्या बॉलचं पाणी शाफ्ट अडवतो. तिथे प्रेशर वाढवू नका. बॉलला 1.5 ते 2 बार भरपूर झाले; फार वाढवलं की पाण्याचं धुकं होतं आणि भिंतीला जोर लागत नाही. शाफ्टच्या दोन बाजूंना दोन बॉल बसवा. पंप दोघांना पुरत नसेल तर व्हॉल्व्ह लावून आळीपाळीनं चालवा. मॅनहोलचा गळा मात्र हट्टी असतो. त्यासाठी तिथे पाणी पोचेल अशी भोकं असलेला बॉल मागवा, किंवा फिरता स्प्रे हेड घ्या. तो बॉलपेक्षा कमी पाण्यात काम करतो.

जेट हेड वाईट नाही. मोठ्या टाक्या, वाळून घट्ट बसलेला माल, तिथे तोच हवा. पण त्याला 5 बारच्या पुढे प्रेशर लागतं. तुमचा पंप बॉलसाठी घेतलेला असेल तर पंपही बदलावा लागेल. हा खर्च कोटेशनमध्ये आहे का, विचारा. शिवाय फिरणारी वस्तू आत अडकून थांबली तर बाहेरून कळत नाही.

काहीही बसवलंत तरी एक चाचणी करा. लिटरला 0.2 ग्रॅम रायबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वातलं बी-2, पाण्यात कालवून टाकीच्या आत सगळीकडे फवारा. ते वाळायच्या आत फक्त गार पाण्यानं स्प्रे चालवा. मग अंधार करून यूव्ही टॉर्च मारा. पाणी न लागलेली जागा पिवळी-हिरवी चमकते. सप्लायरसमोर करा.

आणि व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची वाट, बघा. गरम कॉस्टिकनंतर गार पाणी सोडलं की आतली वाफ क्षणात आटते. झाकण गच्च आणि व्हेंट बंद असताना एका टाकीचा पत्रा आत ओढला गेलेला मी पाहिला आहे. फ्लो वाढवणार असाल तर व्हेंटही त्या मानानं मोठा लागेल.

माणूस आत उतरवणं आजपासून थांबवा. अगदीच वेळ आली तर अ‍ॅजिटेटरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आत हवा खेळवा आणि मॅनहोलशी दुसरा माणूस उभा करा. मिनिटाचा आकडा मिळाला की टाकीच्या ड्रॉइंगसह पाठवा, बॉल कुठे बसवायचे ते खुणा करून देतो.