अवधाण येते, गंडमाळ होते

प्रश्न असा आहे: मुलीच्या मानेला, जबड्याच्या हाडाखाली गाठ हाताला लागते. आई म्हणते, ‘अवधाण आलंय, जाईल.’ आत्याबाई म्हणतात, ‘गंडमाळ नसेल ना? दाखवून घ्या.’ शेजारच्या काकूंच्या मते ते गालगुंड आहे आणि डॉक्टरांनी कागदावर नुसते ‘नोड’ लिहिले आहे. हे सगळे शब्द एकाच दुखण्याचे आहेत का?

नाहीत. पण आई, आत्याबाई आणि डॉक्टर तिघेही एकाच ग्रंथीबद्दल बोलत आहेत, म्हणून गोंधळ होतो. नोड म्हणजे लसिका ग्रंथी. मानेत अशा ग्रंथी पुष्कळ असतात: जबड्याखाली, कानामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडावर. ‘नोड’ने फक्त काय सुजले ते कळते. ते कशाने सुजले, हे अवधाण आणि गंडमाळ हे शब्द सांगतात.

अवधाण म्हणजे दुसरीकडच्या दुखण्यामुळे आलेली सूज. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते. तसेच दाढ किडली, घसा धरला, की ते जबड्याखाली येते; डोक्यात खवडे झाले की मानेच्या मागच्या बाजूला येते. शरीर जंतूंशी झुंजत असते आणि त्या भागाची ग्रंथी फुगते. ती बहुधा दुखते, दाबले की हलते आणि मूळ दुखणे बरे झाले की हळूहळू ओसरते. म्हणून जुनी माणसे आधी गाठीकडे न बघता ‘तोंड उघड, दाढ दाखव’ म्हणायची. या शब्दातच कारण शोधायची सवय मुरलेली आहे, आणि म्हणूनच तो वापरातून जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

इथे क्रियापदही ऐकण्यासारखे आहे. ताप येतो, डोळे येतात, तोंड येते, तसेच अवधाण येते. जे आले ते जाणार, असा भाव त्यात असतो. गंडमाळ मात्र ‘होते’, जसा क्षय होतो. हा काटेकोर नियम नव्हे, सर्दीही ‘होतेच’. पण या दोन शब्दांपुरता फरक चोख लागू पडतो.

गंडमाळ किंवा कंठमाळ म्हणजे मुख्यतः मानेतल्या लसिका ग्रंथींचा क्षय. संस्कृतात गंड म्हणजे गाल (गंडस्थळ त्यातलेच) आणि गंड म्हणजे गाठ, फोडही. ‘गंडस्योपरि पिटिका’ (गळवावर पुटकुळी) या म्हणीतला गंड हा दुसरा. एकामागोमाग एक गाठी उठतात म्हणून माळ. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथातले वर्णन वाचताना थक्क व्हायला होते: बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या अनेक गाठी, काखेत, मानेत, गळ्याशी, जांघेत, आणि फार दिवसांनी, हळूहळू पिकणाऱ्या. क्षयाची गाठ अशीच वागते. सुरुवातीला ती फारशी दुखत नाही, एकमेकींना चिकटत जाते आणि पुढे फुटून वाहू लागते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 साली दाखवला. गाठींची चाल मात्र वैद्यांनी कित्येक शतके आधी बोटांनी ओळखली होती. अर्थात मानेतल्या अनेक गाठी लिम्फोमाने, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगानेही येतात, तेव्हा ‘माळ’ दिसली म्हणून क्षयच, असे नुसत्या शब्दावरून ठरवता येत नाही.

गालगुंड किंवा गालफुगी ही विषाणूने होते आणि त्यात सुजते ती कानाखालची लाळग्रंथी, नोड नव्हे. सूज जबड्याचा कोन झाकते आणि कानाची पाळी वर उचलली जाते. नुसत्या जबड्याखालच्या सुट्या गाठीला सहसा गालगुंड म्हणत नाहीत.

यांच्याच शेजारी राहणारा चौथा शब्द गलगंड. एक अक्षर इकडेतिकडे झाले की गालगुंडाशी गल्लत होते, वर्तमानपत्रातही मी ती पाहिली आहे. गलगंड पुढून, कंठाशी येतो. ती थायरॉईडची, म्हणजे अवटु ग्रंथीची वाढ. ग्रंथी श्वासनलिकेला धरून असल्याने घोट गिळताना गाठ वर सरकते. पाण्याचा घोट घ्यायला सांगून डॉक्टर गळ्याकडे बघतात ते यासाठीच. आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडासाठी भारतात 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द घरोघरी पोचला. गंमत म्हणजे अमरकोशात ‘अवटु’ म्हणजे मानेचा मागचा भाग. पारिभाषिक मराठीत तो पुढे आला.

आता हे सगळे शब्द मागे पडून एकटा ‘गाठ’ उरला आहे, आणि ‘गाठ निघाली’ म्हटले की घरात कर्करोगाचीच धास्ती बसते. ती धास्ती प्रत्येक वेळी खरी नसते, पण खोटीही नसते. तंबाखू, मिश्री, गुटख्याची सवय असलेल्या माणसाच्या मानेत घट्ट, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ आली तर मूळ तोंडात किंवा घशात असू शकते. तिला अवधाण म्हणून थांबून राहू नये.

तुमच्या घरच्या वादाचे म्हणाल तर आईंचा शब्द आधी तपासा: दाढ, घसा, डोके. दोन-तीन आठवड्यांत गाठ ओसरली नाही, वाढली, किंवा बारीक ताप आणि वजन घटणे सुरू झाले, तर आत्याबाईंचे ऐकून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तिथे बारीक सुईने गाठीतले थोडे द्रव्य काढून तपासतात. क्षय निघालाच तर साधारण सहा महिन्यांची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणि फुप्फुसात क्षय नसेल तर मानेतली गंडमाळ खोकल्याने दुसऱ्याला लागत नाही. मुलीचे ताट-पेला वेगळा ठेवायचे काही कारण नाही.