जखमी समुद्री कासवाच्या उपचाराचा खर्च उचलायचा आहे, ठाण्यातून हे कसं करता येईल?

मुलीच्या आठव्या वाढदिवसाला पार्टीऐवजी एखाद्या जखमी समुद्री कासवाच्या उपचाराचा खर्च उचलावा, त्याला तिचं नाव द्यावं आणि घोडबंदरहून गाडी काढून तिला ते दाखवून आणावं, असं तुमच्या मनात आहे. खर्च जरूर उचला. नाव आणि भेट यांची आस मात्र आधीच सोडा, कारण मी हे एकदा जवळून पाहिलंय.

आमच्या खारेगावच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी गणपतीची वर्गणी उरली. ती आम्ही कासवांच्या एका उपचार केंद्राला दिली. पावसाळ्यात समुद्र खवळला की आपल्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येतात, त्यातलंच ऑलिव्ह रिडले जातीचं एक कासव त्यांच्याकडे होतं. समुद्रात वाहत राहिलेल्या जाळ्याचा नायलॉन त्याच्या पुढच्या डाव्या पराला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, हाडापर्यंत रुतला होता. पर कापावा लागला. तीन परांवर कासव जगतं, त्यामुळे आम्हाला वाटलं की सुटलं एकदाचं. पण त्याला बुडी मारता येत नव्हती. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. फुप्फुसाला इजा झाली किंवा न्यूमोनिया झाला की हवा आत भलतीकडे साचते आणि ते एका अंगावर कलंडून बुचासारखं तरंगत राहतं. तळाशी जाता येत नाही, म्हणून खाता येत नाही, पाठ उन्हात भाजते. टाकीत ठेवायचं, प्रतिजैविकं द्यायची, क्ष-किरण काढत राहायचं, खाल्लं नाही तर नळीने भरवायचं. याला आठवडे लागतात, कधी महिने.

आमचं कासव एकोणिसाव्या दिवशी गेलं.

सोसायटीतल्या पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "मग आपले पैसे?" मला उत्तर सुचेना. केंद्रातल्या ताईंनी फोनवर त्याला समजावलं की पंप तोच आहे, टाकी तीच आहे, त्यात आता एक हिरवं कासव ठेवलंय आणि तुमच्या पैशांचे बांगडे ते खातंय. दिवाळीनंतर ते समुद्रात सोडलं. आम्ही तिथे नव्हतो, व्हिडिओ आला. वाळूवरून पाण्यापर्यंत जाताना ते दोनदा थांबलं, ते आम्ही सगळ्यांनी किती वेळा पाहिलं असेल!

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की एका कासवाला नको, टाकीला पैसे द्या. खारं पाणी, गाळणी, माकूल-बांगडे, औषधं यांतला एक महिन्याचा खर्च आमचा, असं ठरवून द्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेता येतो, कारण तो तिथेच राहणार असतो. इथे कासव निघून जावं यासाठीच तर आपण पैसे देतो.

भेटीचं म्हणाल तर माणसांची वर्दळ त्याला ताण देते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत, त्यामुळे हात लावून फोटो वगैरे विसराच.

पैसे द्यायच्या आधी विचारा की उपचार वनखात्याच्या देखरेखीखाली होतात का. डहाणूला वनखातं आणि स्थानिक संस्था मिळून असं केंद्र चालवतात. दिवा-वसई मेमूने वसई आणि पुढे डहाणू लोकल असा प्रवास आहे, पण फोन केल्याशिवाय जाऊ नका. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली तर नाही. त्यासाठी संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (१०बीई) मागून घ्या. आणि कासव दगावलं तर उरलेली रक्कम कुठे जाईल हे स्पष्ट विचारा. नीट उत्तर देतील तिथेच द्या.

यातली कितीतरी कासवं मच्छीमारांमुळे वाचतात. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर २०१८ पासून राज्य सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. ओळखीच्या कोळी बांधवांना हे माहीत नसेल तर सांगा, त्याला काहीच खर्च नाही. कधी किनाऱ्यावर कासव दिसलं तर ते पाण्यात ढकलू नका, आधीच दमलेलं असतं. सावली करा, ओलं फडकं पाठीवर ठेवा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि १९२६ वर वनखात्याला कळवा.

मुलीला आधी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्या, तुम्हाला तासाभराचंही अंतर नाही. मग मार्चच्या सुमारास मंडणगड तालुक्यात वेळासला. तिथे घरट्यातून निघालेली पिल्लं गावकरी तिच्यासमोर समुद्राकडे सोडतील. तिला बागेश्रीची गोष्टही सांगा. २०२३ मध्ये गुहागरला पाठीवर उपग्रह यंत्र बसवून सोडलेली ती मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. आमच्या टाकीतलं ते हिरवं कासव आता कुठे असेल, हे आमची मुलं अजून नकाशा काढून बघतात.