हे दगड समुद्राने गोल केलेले नाहीत

प्रश्न : न्यूझीलंडमधल्या मोएराकीजवळच्या किनाऱ्यावर चेंडूसारखे गोल, माणसाएवढे उंच दगड पडलेले आहेत. त्यांचे फोटो पाहिल्यापासून आमच्या घरात वाद पेटलाय. मुलगा म्हणतो, ही डायनासोरची अंडी. मी म्हणते, लाटांनी घासून घासून दगड गोल केले. काही दगड फुटलेले दिसतात आणि त्यांच्या आत पिवळसर भिंतींचं जाळं आहे. ते काय असतं? आणि आम्हा दोघांत बरोबर कोण?

उत्तर : बरोबर दोघंही नाहीत, पण मुलगा तुमच्यापेक्षा थोडा जवळ पोचलाय. अंड्याला कोणी घासून गोल करत नाही, ते गोलच तयार होतं. हे दगडही गोलच तयार झाले, आणि तेही किनाऱ्यावर नव्हे, तर समुद्रतळाच्या चिखलात गाडलेले असताना. भूविज्ञानात अशा दगडाला काँक्रीशन म्हणतात. मी सरळ गोटा म्हणते.

लाटांचं काम फार शेवटी येतं. तिथल्या कोएकोहे किनाऱ्यामागे मऊ चिखलदगडाचा कडा आहे. तो चिखल सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचला. लाटा मऊ दगड खातात, कठीण गोटे तेवढे उरतात आणि खाली वाळूवर येऊन पडतात. त्या कड्यात अर्धे बाहेर आलेले, अर्धे अजून दगडातच रुतलेले गोटे दिसतात. ज्याला लाटेचा अजून नीट स्पर्शही झालेला नाही, तो गोटाही गोलच आहे. तुमच्या वादाचा निकाल तिथेच लागतो.

आता तो तयार कसा होतो ते पाहू. समुद्रतळावरचा ताजा चिखल म्हणजे बरंचसं पाणीच. घनफळाने पाहिलं तर त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असू शकतं. त्यात एखादा शिंपल्यातला जीव मरून गाडला जातो. वरच्या पातळशा थरातला ऑक्सिजन लगेच संपतो. मग ऑक्सिजनवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. हे जीवाणू ते सल्फेट वापरून मेलेल्या जिवाचं मांस फस्त करतात. त्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे सोनेरी कण बनतात. दुसरी गोष्ट बायकार्बोनेट, म्हणजे मांसातला कार्बन पाण्यात विरघळलेल्या रूपात, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची. तिची पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, साचायला लागतं.

साचतं कुठे, हे नीट लक्षात घ्या. चिखलाचे कण जिथल्या तिथे राहतात आणि त्यांच्यामधली पाण्याची जागा कॅल्साइट घेतं. म्हणजे गोटा हा खडकात बाहेरून येऊन बसलेला पाहुणा नव्हे. तो त्याच थरातला, त्याच दिवशी साचलेला चिखल आहे. फक्त तेवढ्या भागात सिमेंट भरलं गेलं.

हे मला पटलं ते पुस्तकातून नाही. विद्यार्थिनी असताना इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, व्हिटबीजवळ, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या शेलमधले (शेल म्हणजे चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) दोन ॲमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या नामशेष समुद्री जिवांचे जीवाश्म, मी उचलून आणले होते. दोन्ही कड्याखाली गळून पडलेले होते. आज ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी असतात. एक शेलच्या पापुद्र्यावर आहे. वाळलेल्या पानाइतका चपटा, बोट फिरवलं तर उंचवटा जेमतेम जाणवतो. दुसरा मुठीएवढ्या गोट्यात आहे. माझ्या अंगठ्याएवढा जाड, शंखाचा वळसा न् वळसा भरीव, एका कप्प्यात पायराइट चमकतंय. पहिल्यावर वरच्या गाळाचं ओझं आलं आणि तो चिरडला. दुसऱ्याभोवतीचा चिखल त्याआधीच दगड झाला होता. त्याच किनाऱ्यावर मोठे गोटे कड्यात रुतलेले दिसतात. शेलचे थर त्यांच्याजवळ येऊन वर आणि खाली वळसा घेतात, आणि गोट्याच्या आत तेच थर सरळ आणि एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात. बाहेरचा चिखल दबून पातळ झाला, आतला जाडच राहिला.

त्या मुठीएवढ्या गोट्याच्या मधल्या भागातली दहा ग्रॅमची चीप मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली. ती फसफसत राहिली, शेवटी तळाशी काळा गाळ उरला. तो वाळवून तोलला तर दोन ग्रॅमच्या आसपास भरला. बाकीचं सगळं आम्लात विरघळलेलं कॅल्साइट. दोन्हींची घनता जवळपास सारखी, म्हणून वजनाचं प्रमाण घनफळालाही चालतं. याचा अर्थ असा, की कॅल्साइट भरलं तेव्हा त्या चिखलात पाच भागांपैकी चार भाग पाणी होतं. समुद्रतळावरच्या आजच्या ताज्या चिखलासारखाच तो होता. गोट्याने ते पाणी मोजून ठेवलं आणि 18 कोटी वर्षं जपलं. हे आठवलं की अजूनही मी हातातलं काम थांबवून त्या दगडाकडे बघते.

गोलपणाचं कारण आता सोपं होतं. चिखल सगळीकडे सारखा असेल, तर विरघळलेली द्रव्यं सगळ्या दिशांनी सारख्याच वेगाने ये-जा करतात आणि वाढ सगळीकडे सारखी होते. पण थरांच्या दिशेने पाणी सहज झिरपत असेल आणि थरांना आडवं जाताना अडत असेल, तर गोटा चपटा होतो, मसुराच्या दाण्यासारखा. म्हणूनच थरदार शेलमध्ये चपटे गोटे जास्त सापडतात. गंडकीच्या खोऱ्यातले शाळिग्रामही याच कुळातले. समुद्रतळाच्या काळ्या गाळात वाढलेले हे गोटे हिमालयाबरोबर वर आले, आणि अनेकांच्या पोटात ॲमोनाइट असतो.

आता लागणारा वेळ. मोएराकीच्या सर्वांत मोठ्या गोट्यांचा व्यास दोन मीटरच्या आसपास आहे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेवढं वाढायला 40 ते 55 लाख वर्षं लागली असावीत, असा हिशेब मांडला आहे. अशा आकड्यांवरून मी वर्गात कित्येक वर्षं ठामपणे सांगत असे, की गोटा म्हणजे संथ काम. मग 2015 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांचा लेख आला. हत्तीच्या सुळ्यासारख्या लांब शिंपल्यांच्या तोंडाशी वाढलेले छोटे गोटे त्यांनी तपासले होते. आतून कुजणाऱ्या मांसातला कार्बन बाहेर येतो, बाहेरून समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आत जातं, आणि दोघं भेटतात त्या पातळ कडेवर कॅल्साइट साचतं. त्या कडेच्या जाडीवरून त्यांनी वाढीचा वेग काढला. उत्तर आलं आठवडे ते महिने! मांस पुरतं कुजून जायच्या आत गोटा तयार. त्या वर्षापासून मी वर्गातलं माझं वाक्य बदललं. आता विचारते, गोटा केवढा आहे आणि त्याला कार्बन कुठून मिळाला? मुठीएवढ्या गोट्यावरून दोन मीटरच्या गोट्याचं वय काढू नये, आणि उलटंही करू नये.

राहिल्या त्या पिवळ्या भिंती. त्या मुळात भेगा आहेत. गोट्याचं बाहेरचं कवच कठीण झाल्यावर आतला भाग तडकतो. भेगा मध्यभागी रुंद असतात आणि बाहेर येता येता निमुळत्या होऊन संपतात. म्हणजे ताण आत होता. तो कशामुळे आला यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. आतला भाग पाणी गमावून आकसला, असं काही म्हणतात. काहींच्या मते आत कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने तो फुटला. भूकंपाच्या धक्क्यांचंही नाव घेतलं जातं. नंतर त्या भेगांमध्ये पाणी झिरपलं आणि आधी तपकिरी, मग पिवळं कॅल्साइट जमलं. गोटा फुटतो तेव्हा भोवतीचा राखाडी भाग आधी झिजतो आणि भेगांचं भरण भिंतीसारखं उभं राहतं. तेच तुम्हाला फोटोत दिसलं.

मुलाला आणखी एक सांगा. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या परंपरेत हे दगड म्हणजे आराइतेउरू नावाच्या फुटलेल्या होडीतून किनाऱ्याला लागलेल्या ईल माशांच्या टोपल्या, पाण्याचे भोपळे आणि रताळी. त्या जाळीदार फुटक्या गोट्याकडे पाहिलं की टोपली का आठवली असेल ते कळतं.

प्रश्न : खोल समुद्राच्या तळावरचे मँगनीजचे गोळे म्हणजे हेच का?

उत्तर : नाही, त्यांची वाढायची रीत वेगळी आहे. ते गाळाच्या पृष्ठभागाशी पडून असतात आणि त्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे चढत जातात, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या 1872 ते 1876 च्या समुद्र-संशोधन सफरीत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वर आले. आपला गोटा गाळाच्या पोटात वाढतो आणि गाळाचे कण पोटात घेऊनच वाढतो.

प्रश्न : असा गोटा सापडला तर फोडून पाहावा का?

उत्तर : कड्यातून उकरून काढू नका. कडा कोसळतो, आणि अनेक ठिकाणी तसं करायला मनाईही असते. मोएराकीचे गोटे तर संरक्षित आहेत. सुटा पडलेला असेल आणि उचलायची परवानगी असेल, तरी लगेच हातोडा उगारू नका. आधी भिंगातून पृष्ठभाग पाहा. बारीक रेघा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघतात का? त्या गाळाच्या थरांच्या रेघा. प्रत्येकात जीवाश्म असतोच असं नाही, आणि फोडून रिकामा निघाला म्हणून लोक तुकडे टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. रिकाम्या गोट्यातही ते थर असतात, कॅल्साइट असतं, चिखलात किती पाणी होतं त्याची नोंद असते. कड्यात रुतलेला दिसला तर भोवतीच्या थरांसकट फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि वरची बाजू कोणती ते फोटोवर बाण काढून दाखवा. असा फोटो मला पाठवलात, तर तो गोटा आधी वाढला की चिखल आधी दबला, हे मी बहुतेक वेळा सांगू शकेन.