छप्पर जोत्यावरच ठरते

प्रश्न : माइनक्राफ्ट या ठोकळे (ब्लॉक) रचायच्या संगणकीय खेळाच्या सर्व्हायव्हल प्रकारात आम्ही भावंडे मिळून एक वाडा बांधत आहोत. वाडा २१ ब्लॉक लांब व २१ ब्लॉक रुंद असून भिंती ५ ब्लॉक उंच आहेत. त्यावर स्टेअर, म्हणजे पायरीच्या आकाराचे ब्लॉक, लावून उतरते छप्पर चढवले, तर ते इतके उंच गेले की घर त्याखाली दबल्यासारखे दिसू लागले. ते उतरवून सपाट छप्पर टाकले, तर घर नुसते खोके दिसते. आजोळच्या माळवदासारखे, म्हणजे मातीच्या सपाट धाब्यासारखे, छप्पर खेळात शोभेल असे करता येईल का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी पहिल्या छपराचे गणित पाहू. स्टेअर एका ब्लॉकमागे एक ब्लॉक चढतात, म्हणजे उतार ४५ अंशांचा होतो. वळचणीसाठी दोन्ही बाजूंना एकेक ब्लॉक बाहेर काढला की रुंदी २३ भरते, दोन्हीकडून अकरा-अकरा पायऱ्या चढतात आणि वर आढ्याची एक ओळ येते. पाच ब्लॉकच्या भिंतीवर बारा ब्लॉकचे छप्पर बसल्यावर घर दबलेले दिसणारच. स्टेअरऐवजी अर्ध्या उंचीचे स्लॅब लावले, तर उतार साधारण २७ अंशांवर येतो आणि उंची निम्मी होते. परंतु त्या लांबच लांब उतारावर नजर कुठेच ठरत नाही, म्हणून हा उपाय मी तुम्हाला सुचवणार नाही.

दोष आराखड्यात आहे. आपल्याकडचे जुने वाडे कितीही मोठे असले, तरी त्यांच्यावर एकच अखंड छप्पर सहसा नसते. मधोमध चौक असतो आणि त्याच्या चारही बाजूंना अरुंद सोपे, म्हणजे पडवीसारखे लांबट भाग, असतात. तुमच्या २१ ब्लॉकचे सात-सातचे तीन सरळ भाग पडतात. मधला भाग चौकासाठी मोकळा ठेवा आणि भोवती ७ ब्लॉक रुंदीचे सोपे काढा. आता वळचणीसह रुंदी ९ झाली, दोन्हीकडून चार-चार पायऱ्या आणि वर आढे, म्हणजे एकूण ५ ब्लॉक. भिंत आणि छप्पर यांची उंची जुळली. सात ही विषम संख्या असल्याने आढे एका सरळ ओळीत येते. सम रुंदीच्या सोप्यावर मात्र दोन स्टेअर पाठीला पाठ लावून भिडवावे लागतात आणि माथा बोजड दिसतो. म्हणून जोते आखतानाच विषम आकडा धरावा. दोन सोपे जिथे काटकोनात मिळतात, तिथल्या कोपऱ्याची चिंता करू नये, कारण शेजारचा स्टेअर काटकोनात असला की कोपऱ्याचा स्टेअर आपोआप वळणाचा आकार घेतो. दर्शनी सोप्याची भिंत एक ब्लॉकने उंच केली की चारही आढी एका पातळीवर राहत नाहीत, आणि एवढ्या एका फरकाने वाडा कुणीतरी राहता असल्यासारखा दिसतो. वळचणीखाली उलटे स्टेअर लावल्यास तिथे सावली पडते. ती सावली नसेल, तर छप्पर भिंतीवर चिकटवल्यासारखे वाटते.

आता माळवदाकडे येऊ, कारण माझा कौल त्याच बाजूने आहे. पावसाच्या प्रदेशात उतार लागतो, कमी पावसाच्या प्रदेशात सपाट धाबे चालते, हा नियम खेळानेही पाळला आहे : त्यातल्या वाळवंटी गावांमधली घरे सपाट छपरांचीच आहेत, आणि वाळवंटात किंवा सव्हाना प्रदेशात पाऊस पडतच नाही. तेव्हा वाड्यासाठी जागाही तशीच निवडावी. मातीचा प्रश्न १.१९ या आवृत्तीने २०२२ मध्ये सोडवला आहे. साध्या मातीवर पाण्याची बाटली ओतली की चिखल होतो, त्यात गहू मिसळला की पॅक्ड मड तयार होते आणि अशा चार ब्लॉकच्या चार मड ब्रिक होतात. गारा मळताना त्यात भुसा घालणाऱ्यांना ही कृती शिकवावी लागणार नाही.

खऱ्या माळवदात खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. त्या थराचे ओझे किती असते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपण फार मोठी किंमत देऊन पाहिले. खेळात वाळू आणि खडी सोडली तर जवळपास कोणताही ब्लॉक आधाराशिवाय अधांतरी राहतो, त्यामुळे तुळया न घालताही तुमचे छप्पर पडणार नाही. तरीही तुळया घालाव्यात, कारण पाहणाऱ्याला आधार दिसला नाही, तर जाड छप्पर खोटे वाटते. साल काढलेले ओंडके दर तीन ब्लॉकांच्या अंतराने आडवे टाका आणि त्यांची टोके भिंतीबाहेर एक ब्लॉक काढा. मध्ये राहिलेली जागा म्हणजे तुमचा खण. बाहेरून पाहताना या टोकांची ओळ आणि तिची भिंतीवरची सावली यांनीच खोकेपण बरेचसे मोडते. उरलेले काम कठड्याचे आहे. तो सगळीकडे एकाच उंचीचा न ठेवता कोपऱ्यांवर मड ब्रिकचा पूर्ण ब्लॉक आणि मध्ये स्लॅब ठेवा, मधूनमधून पन्हळीसाठी एखादा उलटा स्टेअर बाहेर काढा. सवणे विसरू नका. एका ब्लॉकचे भोक ठेवून त्यात काच बसवली की भर दुपारी सोप्यात उजेडाचा झोत दिसत नसला, तरी अंधार हटतो आणि वरून पाहताना मातीचा एकसुरीपणा तुटतो. जिन्याची छोटी खोली धाब्यावर आली, तर उत्तमच.

प्रश्न : आमच्या सपाट छपरावर रात्री झॉम्बी आणि क्रीपर उभे असतात. सगळीकडे मशाली लावल्या, तर छप्पर विद्रूप दिसते. काय करावे? – एक वाचक, परभणी

उत्तर : २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून असे शत्रू सहसा दिव्याचा उजेड शून्य असलेल्या जागीच उगवतात, त्यामुळे मशालींची दाटी करण्याचे कारण उरलेले नाही. कठड्याच्या आतल्या अंगाला दूर-दूर कंदील ठेवले तरी पुरते. एकही दिवा नको असेल, तर धाब्याचा वरचा थर खालच्या अर्ध्यात बसवलेल्या स्लॅबचा करावा, कारण अशा स्लॅबवर ते उगवत नाहीत. पॅक्ड मडचे स्लॅब मिळत नाहीत, त्यामुळे तिथे मड ब्रिकचेच स्लॅब वापरावे लागतील, आणि ते वरच्या अर्ध्यात बसले नाहीत ना, हे लावताना पाहावे. वरच्या अर्ध्यातला स्लॅब त्यांना पूर्ण ब्लॉकइतकाच सोयीचा असतो.